परसातील कोंबडी : ठाणे-कल्याण परिसरातील घरगुती कुक्कुटपालनाचा शब्दांच्या साक्षीने एक मागोवा

१

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी बंदरे, किल्ले, लोहमार्ग आणि गिरण्या यांची यथोचित दखल घेतली आहे. याच भूमीवर कुणबी, आगरी, कोळी, ठाकूर, वारली आणि कातकरी घरांच्या मागल्या दारी पिढ्यान्‌पिढ्या वावरत आलेल्या कोंबडीच्या वाट्याला मात्र एखादे वाक्यही क्वचितच आले आहे. या उपेक्षेचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. शेतसाऱ्याच्या दप्तरात जमीन, पीक आणि बैल यांना जे स्थान आहे ते कोंबडीला नाही. तिचा व्यवहार बहुतांशी स्त्रियांच्या हातचा, रकमेने अल्प आणि सर्वस्वी तोंडी. जो व्यवहार कागदावर उतरत नाही त्याचा माग कोठे काढावयाचा, असा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला पडल्यास त्याला एकच उत्तर देता येईल : तो व्यवहार करणाऱ्यांच्या शब्दांत.

प्रस्तुत निबंधात याच साधनाचा उपयोग करावयाचा आहे. प्रश्न तीन आहेत. या परिसरातील घरगुती कोंबड्यांचे बिऱ्हाड कसे उभे राहत असे? ते कसे व किती वाढत असे? आणि या वाढीची किल्ली घराच्या हातून कोणाकडे गेली? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण आज परसातील कुक्कुटपालनाला शासकीय प्रोत्साहन मिळत असताना, त्या प्रोत्साहनाचे स्वरूप समजून घेण्यास पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अत्यावश्यक ठरतात.

२

प्रथम नावाचाच विचार करू. संस्कृत ‘कुक्कुट’ हा शब्द पक्ष्याच्या आवाजावरून बनलेला आहे, हे उघड आहे. गुजराती ‘कूकडो’ आणि पंजाबी ‘कुक्कड’ हे त्याच्याच वळणाचे शब्द होत. हिंदीने फारसीतील ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी, हा शब्द उचलून ‘मुर्गा-मुर्गी’ ही जोडी रूढ केली. मराठीने या दोहोंपैकी एकही वाट धरली नाही. तिने ‘कोंबडा-कोंबडी’ म्हटले. कोकणीतील ‘कोंबो-कोंबी’ या रूपांशी ताडून पाहता मराठीतील ‘-डा, -डी’ हा स्वार्थी प्रत्यय आहे आणि मूळ अंग ‘कोंब-’ एवढेच आहे, हे ध्यानात येते. आगरी बोलीत स्वरांमधील डकाराचा रकार होतो; ‘गाडी’ची ‘गारी’ आणि ‘घोडा’चा ‘घोरा’ होतो, तशीच ‘कोंबडी’ची ‘कोंबरी’ होते. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कोकणपट्टीतील बोलींचे जे नमुने दिलेले आहेत त्यांच्या संदर्भात असे ध्वनिबदल नियमित असतात, लहरी नसतात. ‘कोंबरी’ हे ‘कोंबडी’चे बिघडलेले रूप नसून त्या बोलीच्या नियमाने सिद्ध झालेले शुद्ध रूप आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

या पक्ष्याचे मूळ कोठचे, याविषयी अलीकडील संशोधनाने जुन्या समजुती बऱ्याच बदलल्या आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने पाळीव कोंबडीचा निकटचा पूर्वज म्हणून तांबड्या रानकोंबड्याच्या आग्नेय आशियातील एका उपजातीकडे बोट दाखविले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुरातत्त्वीय अभ्यासाने थायलंडमधील बान नॉन वाट येथील अवशेषांच्या आधारे पाळीव कोंबडीचा सर्वांत प्राचीन निश्चित पुरावा इ. स. पूर्व १६५० ते १२५० या काळातील ठरविला, आणि तिचे माणसाळणे भात व भरड धान्ये यांच्या लागवडीशी जोडले. सांडलेल्या दाण्याच्या लोभाने रानपक्षी शेतकऱ्याच्या अंगणात आला आणि तेथेच राहिला, असा या मताचा आशय आहे. सह्याद्रीच्या वनांत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याचाही या वंशात अंश आहे. पाळीव कोंबड्यांत आढळणाऱ्या पिवळ्या कातडीचे जनुक त्याच्याकडून आले, हे २००८ मध्ये दाखविण्यात आले.

भात आणि कोंबडी यांचा हा प्राचीन संबंध ठाणे जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. हा जिल्हा भाताचा. मळणीच्या वेळी खळ्यावर सांडलेले दाणे, घरी उखळात कांडताना निघालेली कणी आणि कोंडा, शिळा भात, आणि परसातील उकिरड्यावरचे किडे हेच कोंबडीचे खाद्य. तिच्यासाठी वेगळे धान्य विकत आणावे, ही कल्पनाच नव्हती. म्हणून घरी कोंबड्या किती, हे घरी भात किती कांडले जाते यावर ठरत असे. भातगिरण्या आल्यानंतर कांडणाचा कोंडा घराबाहेर गेला, आणि त्या प्रमाणात परसातील फुकटचे खाद्यही घटले असले पाहिजे, असा तर्क करावयास हरकत नाही.

३

आता या बिऱ्हाडाच्या अंतर्गत रचनेकडे वळू. येथे बोलींतील शब्दसंपत्ती विलक्षण नेमकी आहे. कोंबड्यांचे घर ते ‘खुराडे’. संध्याकाळी कोंबड्या वेताच्या वा बांबूच्या ‘डालग्या’खाली झाकावयाच्या, या क्रियेला ‘डालणे’ असे स्वतंत्र क्रियापद आहे. अंडी देण्याचे थांबवून जी उबवावयास उत्सुक झाली ती ‘खुडूक’. तिच्याखाली अंडी ठेवणे म्हणजे तिला ‘रवणात बसविणे’. पिल्लूपण संपलेली, पण अद्याप अंडी न देणारी मादी ती ‘तलंग’. हा शब्द मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतही नोंदलेला आहे. नराचे ओरडणे ते ‘आरवणे’. फारसीतून आलेले ‘बांग देणे’ हे त्याचे पर्यायी रूप. उलटी पिसे असलेल्या कोंबडीला वेगळे नाव नसले तरी वेगळे मोल आहे, कारण देवकार्यात तिची मागणी होते.

या शब्दांकडे केवळ यादी म्हणून न पाहता त्यांचा क्रम लावावा. खुडूक, रवण, पिल्लू, तलंग, कोंबडी, पुन्हा खुडूक : असे हे एक चक्र आहे. मराठीत मेंढ्यांचा कळप, गुरांचे खिल्लार, पाखरांचा थवा असे समूहवाचक शब्द आहेत. परंतु घरच्या कोंबड्यांसाठी असा शब्द सहसा वापरला जात नाही. ‘चार कोंबड्या आहेत’ एवढेच म्हणतात, आणि तेथे ‘चार’चा अर्थ ‘थोड्या’ इतकाच असतो. शब्दसंपत्तीचा भर संख्येवर नसून अवस्थेवर आहे. पाळणारीला आपल्याकडे किती पक्षी आहेत यापेक्षा कोणता पक्षी चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे जाणणे अधिक उपयोगाचे होते.

या चक्राचा हिशेब मांडून पाहू. देशी कोंबडी वर्षाला साधारणतः ६० ते ८० अंडी देते, आणि तीही सलग नव्हे, तर तीन-चार खेपांत. प्रत्येक खेपेनंतर ती खुडूक होऊ शकते. एका कोंबडीच्या पंखांखाली १० ते १२ अंडी नीट मावतात. ती २१ दिवस बसते. दिवसातून थोडाच वेळ दाणापाण्यासाठी उठते. अंडी चोचीने फिरविते, त्यामुळे ऊब सर्व बाजूंनी पोचते. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात दिव्यापुढे अंडे धरले असता आत जीव धरला आहे की नाही ते दिसते. निर्जीव अंडी काढून टाकता येतात. पिल्ले बाहेर पडल्यानंतर आई त्यांना दोन-तीन महिने सांभाळते आणि त्या काळात अंडी देत नाही. घार, कावळा, मुंगूस, घूस आणि पावसाळ्यातील ओल यांतून निम्मी पिल्ले तगली तरी ते चांगलेच म्हणावयाचे. म्हणून जाणत्या स्त्रिया पावसाळ्यात कोंबडी रवणात बसविण्याचे टाळीत; भाताची मळणी होऊन गेल्यावर, थंडीच्या कोरड्या दिवसांत, दाणा मुबलक असताना निघालेली पिल्ले अधिक जगतात.

बिऱ्हाड उभे करावयास अशा स्थितीत भांडवल जवळजवळ लागत नसे. एक खुडूक कोंबडी आणि जवळपास कोंबडा असलेल्या घरची डझनभर अंडी एवढ्यावर काम भागे. वर्षअखेरीस पाच-सहा तलंगा व दोन-तीन नर हाती आले, की नर सणाला किंवा देवाला जात, तलंगा राहत. त्यानंतर मात्र संख्या एका मर्यादेशी येऊन थांबे. खाद्य परसापुरते, जागा डालग्यापुरती, आणि साथ आली की सर्वच जाण्याची भीती. ही लहानखुरी संख्या अज्ञानाची खूण नव्हे. उपलब्ध साधनांशी जुळलेले ते एक संतुलन होते.

४

कोंबडी कोणी पाळावी आणि कोणी नाही, याला सामाजिक इतिहास आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात ‘ग्रामकुक्कुट’ हा द्विजांना अभक्ष्य ठरविलेल्या वस्तूंत येतो. गावातला कोंबडा उकिरड्यावर चरतो, हे या निषेधामागील कारण असावे. परिणामी कोंबडी ज्या घरात आहे त्या घराची जात बाहेरूनच ओळखू यावी, अशी स्थिती दीर्घ काळ होती. एकाच गावात दोन आळ्यांच्या सकाळी वेगवेगळ्या आवाजांनी सुरू होत.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आणि १ मे १८५४ रोजी पुढे कल्याणपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. मुंबईची बाजारपेठ त्यामुळे काही तासांच्या अंतरावर आली. पुढे विसाव्या शतकात डोंबिवली हे मुख्यतः पांढरपेशा, नोकरदार वर्गाच्या वसतीचे गाव म्हणून वाढले, तर आयरे, पाथर्ली, चोळे, नांदिवली ही भोवतालची गावे आगरी शेतकऱ्यांचीच राहिली. ठाण्यात चेंदणी कोळीवाडा, माजिवडे, बाळकुम, कळवे यांची गोष्ट याहून फारशी निराळी नाही. चाळी आणि पुढे इमारती उठल्या, तसे परस नाहीसे झाले. ‘खुराडे’ हा शब्द मात्र नाहीसा झाला नाही. तो कोंबड्यांना सोडून माणसांच्या खोल्यांना चिकटला. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीला आज कोणीही सहज ‘खुराडे’ म्हणतो. ज्याने कधी कोंबडी डाललेली पाहिली नाही तोही म्हणतो. पदार्थ गेला आणि उपमा उरली, हे शब्दांच्या इतिहासात वारंवार घडते.

धार्मिक व्यवहारातील कोंबड्याचे स्थानही येथे ध्यानात घ्यावयास हवे. वारली, ठाकूर, कातकरी यांच्या देवकार्यांत आणि आगरी-कोळी समाजाच्या नवसांत कोंबडा हा मानाचा. त्यामुळे नर पक्ष्यांना ठरावीक मागणी होती, आणि ती कळपाच्या हिताची होती; कारण वंश चालविण्यास आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो, बाकीचे नर खाद्याचे वाटेकरी असतात. आषाढाच्या अखेरीस गटारीला मांसाहार करून श्रावणभर तो वर्ज्य करण्याचा प्रघात आहे. म्हणजे भर पावसाळ्यात, कळप सर्वांत दुबळा असताना, त्याच्यावरील मागणी काही काळ थांबते. हा हेतू ठेवून प्रघात पडला, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु परिणाम तसा होतो, हे नाकारता येणार नाही.

अंड्यांचा पैसा घरातील स्त्रीचा, ही रीत भारतात अनेक भागांत आढळते, आणि या परिसरातही कोंबडीचा कारभार स्त्रीकडेच राहिलेला आहे. शेत पुरुषाच्या नावे, गाडीबैल पुरुषाच्या ताब्यात. कोंबडी तेवढी तिची. मीठमिरची, औषधपाणी, मुलाची पाटी अशा खर्चांसाठी कोणापुढे हात पसरावयास लागू नये, एवढी शक्ती त्या चार कोंबड्यांत होती.

५

या घरगुती व्यवस्थेत राज्यसंस्थेचा प्रवेश विसाव्या शतकात झाला. त्याचा आरंभ महाराष्ट्राबाहेरचा आहे. उत्तर प्रदेशातील एटा येथे १९१२ च्या सुमारास मिशनऱ्यांनी व्हाइट लेगहॉर्न जातीच्या साहाय्याने गावच्या कोंबड्यांची सुधारणा आरंभिली. १९३९ मध्ये इज्जतनगर येथे कुक्कुटसंशोधनाचा विभाग निघाला. स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळापासून कुक्कुटविकासाचे देशव्यापी कार्यक्रम सुरू झाले. मुंबईतील आरे वसाहतीत केंद्र शासनाचे पैदास केंद्र उभे राहिले, आणि ठाण्याच्या उंबरठ्यावर सुधारित पिल्ले मिळू लागली. राज्यात मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आणि ‘सधन कुक्कुट विकास गट’ स्थापन झाले. १९७१ मध्ये पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज ही संस्था निघाली आणि खाजगी उद्योगाने या क्षेत्रात वेगाने पाऊल टाकले.

नव्या व्यवस्थेबरोबर नवी भाषा आली. ‘कुक्कुट’ हा शब्द मराठी बोलणाऱ्याने क्वचितच उच्चारला असेल. तो आता ‘पालन’, ‘विकास’, ‘पक्षी’, ‘खाद्य’ यांच्याशी समास पावून कार्यालयांत रूढ झाला. बाजाराने ‘पोल्ट्री’ आणि ‘ब्रॉयलर’ हे शब्द आणले. लोकांनी त्यातील दुसऱ्याचे ‘बॉयलर’ केले. शासकीय आणि बाजारी अशा या दोन्ही शब्दकुळांत एक पोकळी आहे : खुडूक, रवण आणि डालणे यांना तेथे जागा नाही. ‘उबवणी’ आहे, परंतु ती ‘केंद्रा’ची, कोंबडीची नव्हे.

ही पोकळी योगायोगाची नाही. व्यापारी जातींची निवड करताना खुडूक होण्याची प्रवृत्ती हा दोष मानला गेला, कारण खुडूक झालेली कोंबडी अंडी देत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने ती प्रवृत्ती लेगहॉर्नसारख्या जातींतून जवळपास पुसली गेली आणि वर्षाला ३०० अंड्यांचा पल्ला गाठता आला. २१ दिवसांचे ते काम उबवणी यंत्राने पत्करले. गावासाठी म्हणून तयार केलेल्या वनराजा, गिरिराजा यांसारख्या जातीही रंगीत, काटक आणि परसात चरणाऱ्या असल्या तरी स्वतः अंडी उबविण्यात उण्या पडतात. त्यांची अंडी उबवावयाची तर देशी खुडूक कोंबडीच शोधावी लागते.

राज्य शासनाच्या परसातील कुक्कुटपालनाच्या योजनेत लाभार्थ्याला ५० टक्के अनुदानावर ‘तलंगा’ गट, म्हणजे २५ माद्या आणि ३ नर, किंवा एकदिवसीय १०० पिल्लांचा गट देण्याची तरतूद करण्यात आली. शासकीय लेखात ‘तलंग’ हा अस्सल बोलीतील शब्द टिकून आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु चक्रातील हा एकच टप्पा कागदावर आला, याचाही अर्थ आहे. तलंग वाटता येते, मोजता येते, तिच्यावर अनुदान देता येते. रवण वाटता येत नाही. ज्याला समूहवाचक शब्द नव्हता त्या ‘चार कोंबड्यां’ना ‘गट’ हे नाव मिळाले, आणि वाढ ही प्रसवाची न राहता खरेदीची बाब झाली.

६

रोगांच्या नावांतही हाच इतिहास दडलेला आहे. १९२६ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आणि त्याच सुमारास जावा बेटावर आढळलेला रोग भारतात कुमाऊँमधील राणीखेत येथे ओळखला गेला, म्हणून त्याला येथे ‘राणीखेत’ म्हणतात. मराठीत त्याला ‘मानमोडी’ हे नाव आहे. रोगी पक्ष्याची मान वळते, त्यावरून ते पडले. परंतु १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या महासाथीलाही महाराष्ट्रात ‘मानमोडी’ म्हणत. माणसाची आणि कोंबडीची साथ एकाच शब्दात सामावली. कोंबड्यांच्या ‘देवी’ हेही तसेच उदाहरण. मागल्या दारच्या पक्ष्याचे दुखणे हे घरातलेच दुखणे, अशी जी धारणा होती तिची ही भाषिक नोंद म्हणावी लागेल.

मानमोडीवर लस निघाली आणि परसातील कळपावरील सर्वांत मोठे संकट आटोक्यात आणता येण्याजोगे झाले. नव्या व्यवस्थेचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. दुसऱ्या बाजूस, मोठ्या संख्येने एकत्र कोंडलेल्या पक्ष्यांमुळे साथीचे रूप पालटले. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नोंदला गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे आढळला आणि हजारो पक्षी नष्ट करावे लागले. अशा वेळी बाधित स्थळाभोवतीच्या एक किलोमीटरच्या टापूतील सर्व कोंबड्या मारण्याचा नियम आहे. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने तो आवश्यक असेल. परंतु त्या टापूत शेडमधील पक्षी आणि परसातील खुडूक कोंबडी यांच्यात भेद करता येत नाही. नुकसानभरपाई पक्ष्यागणिक मिळते. शेडचा मालक तीतून नवी पिल्ले विकत घेतो. परसवालीला तिच्या पैशाने तशी कोंबडी सहजी मिळत नाही.

७

शेवटी ‘गावठी’ या विशेषणाविषयी. ठाणे-कल्याणच्या बाजारात ‘गावठी कोंबडी’ व ‘गावठी अंडी’ असे शब्द आज सर्रास ऐकू येतात. देशावर त्यांच्या जागी ‘गावरान’ वापरतात. ब्रॉयलर येण्यापूर्वी या विशेषणाची गरजच नव्हती. सर्वच कोंबड्या गावच्या होत्या, म्हणून ती नुसती ‘कोंबडी’ होती. नव्या वस्तूने मूळ नाव बळकाविले आणि जुन्या वस्तूला विशेषण लावून ओळख सांगावी लागली. माणसाच्या बाबतीत ‘गावठी’ हा शब्द हिणवण्याचा. कोंबडीच्या बाबतीत तोच चढ्या दराचा.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ८५ कोटी १८ लाख कुक्कुट पक्ष्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातील होते. २०१२ च्या तुलनेत परसातील पक्ष्यांची संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली, तर व्यापारी पक्ष्यांची साडेचार टक्क्यांनी. तेव्हा परसातील कोंबडी संपत चालली आहे, असा शोक करण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो वेगळ्याच गोष्टीचा. ही वाढ रवणातून आली की वाटपातून, हे गणनेच्या आकड्यांवरून कळत नाही. आणि जी कोंबडी आपला वंश स्वतः वाढवू शकत नाही तिचे बिऱ्हाड दर दोन-तीन वर्षांनी बाहेरून पुन्हा विकत आणावे लागते. अनुदान थांबले, उबवणी केंद्र बंद पडले किंवा साथ आली, की ते तेथेच संपते. ज्या स्त्रीकडे खुडूक कोंबडी आहे तिचे संपत नाही.

यास्तव सुधारित तलंगांबरोबर काही देशी कोंबड्या राखणे, आणि कोणत्या कोंबडीला केव्हा व किती अंड्यांवर बसवावयाचे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडून ते टिपून ठेवणे, ही दोन्ही कामे सारखीच निकडीची आहेत. त्यांतील पहिले पशुसंवर्धकांचे आहे. दुसरे आपल्या विभागाच्या विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे आहे. चोळे, नांदिवली, बाळकुम, टिटवाळे ही गावे लोकलच्या अंतरावर आहेत, आणि तेथे ‘रवण’ म्हणजे काय हे विचारल्यास उत्तर देणाऱ्या वृद्ध स्त्रिया अद्याप सापडतील. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही, असे आपण म्हणतो. पण शब्द एकदा झाकला गेला, तर त्याच्याखालचे ज्ञान उजेडात येतेच असे नाही.